तीन तबकड्यांची किंमत

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्यांच्या ढिगात मला 'सँडिनिस्टा!' सापडली, तेव्हा आधी जाणवलं ते तिचं वजन. एका पाकिटात तीन तबकड्या, छत्तीस गाणी, आणि पाकिटाच्या कडेला छापलेला क्रमांक: एफएसएलएन १. एरवी हा क्रमांक म्हणजे गोदामातली खूण, त्याकडे कोण बघतो! इथे मात्र ती निकाराग्वाच्या सँडिनिस्टा मुक्ती आघाडीची आद्याक्षरं आहेत. या आघाडीने जुलै १९७९ मध्ये सोमोझा घराण्याची हुकूमशाही उलथवली होती. 'द क्लॅश' हा लंडनचा बँड डिसेंबर १९८० मध्ये हा संच घेऊन आला. किंमत ५ पौंड ९९ पेन्स, म्हणजे जवळपास एका तबकडीच्या दरात तीन. हा दर कंपनीच्या गळी उतरवायला बँडने ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी सोडून दिली.

रॉकमधल्या डाव्या विचारांवर लिहिणारे बहुतेकदा गाण्यांतल्या घोषणा मोजत बसतात. मी इतकी वर्षं हे संगीत ऐकतोय आणि दिवसेंदिवस माझी खात्री पटत चालली आहे की आधी दोन गोष्टी तपासायला हव्यात: बँडने त्या विचारासाठी पदरचं काय सोडलं, आणि गाण्याची चाल तो विचार पेलते का. या दोन कसोट्यांवर फार थोडी नावं टिकतात.

क्लॅशपासूनच सुरुवात करू. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी सीबीएससारख्या बड्या कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला, तेव्हाच कट्टर पंकवाल्यांनी त्यांच्यावर फुली मारली होती. त्याच वर्षीच्या पहिल्या तबकडीत या गोऱ्या पोरांनी ज्युनियर मर्व्हिनचं 'पोलीस अँड थीव्ज' हे जमैकन रेगे गाणं आपल्या खरखरीत गिटारवर घेतलं. त्यात वर्णभेदावर भाषण नाही. पण रेगेचा तो मागे रेलणारा ठेका आणि पंकची घाई एकमेकांना सांभाळत चालतात, तेव्हा लंडनच्या एकाच वस्तीतली दोन घरं शेजारी उभी असल्यासारखी वाटतात. त्या काळातलं मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक राजकीय विधान ते आहे.

या शेजाराची गरज का पडली, ते १९७६ च्या ऑगस्टमध्ये दिसलं होतं. एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून दारूच्या नशेत स्थलांतरितांना हाकलण्याची भाषा केली आणि स्थलांतरविरोधी राजकारणी इनॉक पॉवेलची तरफदारी केली. दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्लीचं 'आय शॉट द शेरिफ' गाऊन तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. रेड सॉन्डर्स या छायाचित्रकाराने मित्रांसह संगीत साप्ताहिकांना एक जळजळीत पत्र लिहिलं, आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रॅफल्गार चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला. तिथे क्लॅश, टॉम रॉबिन्सनचा बँड, एक्स-रे स्पेक्स आणि बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधला काळ्या तरुणांचा 'स्टील पल्स' एकाच मंचावर होते. समोर ऐंशी हजारांच्या वर माणसं होती.

त्या दिवसाची एक बाजू मात्र मला आजही खटकते. क्लॅशचा गायक जो स्ट्रमर इटलीतल्या 'रेड ब्रिगेड्स' या सशस्त्र गटाच्या नावाचा टी-शर्ट घालून गात होता. तेव्हा इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो त्याच गटाच्या ताब्यात होते, आणि ९ मे रोजी त्यांचा मृतदेह सापडला. पार्कातली पोरं वंशद्वेषाविरुद्ध एकत्र आली होती आणि मंचावरचा माणूस छातीवर अपहरणकर्त्यांचं नाव मिरवत होता. क्रांतीचा पोशाख अंगावर चढवणं फार सोपं असतं. डाव्या रॉकचं हे जुनं दुखणं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

'सँडिनिस्टा!'मध्ये हाच स्ट्रमर बराच सुधारलेला दिसतो. सहाव्या बाजूवर भरताड आहे, ती मी क्वचितच लावतो. पण 'वॉशिंग्टन बुलेट्स' ऐका. १९७३ मध्ये चिलीच्या लष्कराने मारलेल्या व्हिक्तोर हारा या गायकाची आठवण त्यात आहे, अमेरिकेच्या हस्तक्षेपाचा हिशोब आहे, आणि त्याच दमात अफगाणिस्तानातल्या रशियन गोळ्या आणि तिबेटमधला चीनही आहे. आपल्या बाजूचे म्हणून कुणाला सूट नाही. आणि हे सगळं डुलत्या, जवळजवळ लाडिक लयीत येतं, त्यामुळे मेलेल्यांची यादी अंगावर न ओरडता आत उतरते.

चाल विचाराला कशी दगा देते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए'. व्हिएतनामहून परतलेल्या, कुठेच काम न मिळणाऱ्या कामगाराची ही कहाणी. स्प्रिंगस्टीनने ती १९८२ च्या सुरुवातीला घरी, साध्या कॅसेट यंत्रावर, एकट्याने गिटार घेऊन ध्वनिमुद्रित केली होती. त्या रूपात ती भुतासारखी आहे, पोकळ आणि थंड. १९८४ मध्ये तबकडीवर आली ती मात्र मॅक्स वाइनबर्गचे तोफेसारखे ड्रम आणि सिंथेसायझरची विजयी ललकारी घेऊन. ध्रुवपद मुठी आवळून गायला लागलं की कडव्यातला बेकार माणूस ऐकूच येत नाही. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या प्रचारसभेत रोनाल्ड रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा गौरव केला. लोकांनी नीट ऐकलं नाही, असं म्हणून त्याचे चाहते त्याची सुटका करतात. मला ते पटत नाही. लोकांनी चाल ऐकली, आणि चालीने जे सांगितलं तेच घेतलं. पुढे नव्वदीत तो हेच गाणं एकट्या गिटारवर कण्हल्यासारखं गाऊ लागला. त्यालाही ते उमगलं असावं.

याच्या उलट टोकाला 'शिपबिल्डिंग'. फॉकलंड युद्धाच्या वर्षी, १९८२ मध्ये, एल्व्हिस कॉस्टेलोने शब्द लिहिले आणि रॉबर्ट वायटने आपल्या पातळ, थकलेल्या आवाजात ते गायले. बंद पडलेल्या गोदीला युद्धामुळे काम मिळणार, आणि तिथे बांधलेल्या जहाजांवर गोदीवाल्यांचीच मुलं मरायला जाणार. सगळं गाणं एका कामगाराच्या घरातल्या कुजबुजीएवढ्या आवाजात घडतं. थॅचरकाळात याहून मोठं राजकीय गाणं झालं नाही, असं माझं मत आहे.

'रेज अगेन्स्ट द मशीन'चं काय करायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. १९९२ ची त्यांची पहिली तबकडी आजही अंगावर काटा आणते. मुखपृष्ठावर १९६३ मध्ये सायगावच्या रस्त्यावर स्वतःला पेटवून घेणारे भिक्षू थिक क्वांग डुक आहेत. टॉम मोरेलोच्या गिटारमधून कारखान्याचे, भोंग्यांचे आवाज निघतात. पण ती तबकडी एपिक या कंपनीची, आणि एपिक सोनीची. २००९ च्या नाताळात ब्रिटिश श्रोत्यांनी मोहीम चालवून 'किलिंग इन द नेम' पहिल्या क्रमांकावर नेलं आणि टीव्ही स्पर्धेच्या विजेत्याला मागे टाकलं. श्रोत्यांचा राग खरा होता, पण विजेत्याचं गाणंही सोनीच्याच छत्राखालचं होतं. मोहिमेतून बेघरांच्या संस्थेला पैसे मिळाले आणि पुढच्या जूनमध्ये बँडने लंडनला मोफत मैफल केली, ही तिची खरी मिळकत.

आज घोषणांना तोटा नाही. कितीतरी दौऱ्यांत, कितीतरी महोत्सवांत झेंडे दिसतात. पण गाणं विकण्याची वाटच बदलली आहे. तबकडीचा दर ठरवण्यासाठी कंपनीशी भांडता येत होतं, स्ट्रीमिंगमध्ये गायकाच्या हाती दरच नाही. म्हणून २०२५ ची एक घडामोड मला महत्त्वाची वाटते. स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग सेवेचे सहसंस्थापक डॅनियल एक यांच्या गुंतवणूक कंपनीने 'हेल्सिंग' या युद्धतंत्रज्ञानाच्या उद्योगात पैसे गुंतवले, तेव्हा मेलबर्नच्या 'किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड'ने आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घेतली आणि बँडकॅम्पवर श्रोता देईल त्या किमतीला ठेवली. त्याआधी 'डिअरहूफ' निघाले होते, पुढे 'मॅसिव्ह अटॅक'नेही तेच केलं. रॉयल्टी सोडणाऱ्या क्लॅशची आठवण मला इथे होते, टी-शर्टवाल्या क्लॅशची होत नाही.

स्ट्रमरची शेवटच्या दिवसांतली एक मैफल १५ नोव्हेंबर २००२ ची. पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनच्या टाउन हॉलमध्ये, संपावर गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांसाठी मदतनिधीचा कार्यक्रम होता. क्लॅशमधला त्याचा जुना जोडीदार मिक जोन्स प्रेक्षकांत होता. 'बँकरॉबर' सुरू झालं आणि तो न राहवून गिटार घेऊन मंचावर चढला. जवळपास वीस वर्षांनी दोघं एकत्र वाजवत होते. पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, स्ट्रमर गेला. तो पन्नास वर्षांचा होता.