तंत्रज्ञान-अभिकल्प संशोधनातील बालचित्रे : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मुलांसाठी साधने घडविताना त्यांनी काढलेली चित्रे हा संशोधनात मान्य पुरावा समजला जातो. मात्र चित्र नेमके कशाचा पुरावा आहे, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 1926 मध्ये मनुष्याकृतीच्या चित्रावरून बुद्धिमापनाची पद्धती मांडली. डेव्हिड वेड चेंबर्स यांनी 1983 मध्ये शास्त्रज्ञाच्या चित्रांतील चष्मा, दाढी, प्रयोगशाळेतील कोट अशा खुणा मोजल्या. दोन्ही ठिकाणी भर मोजणीवर आहे. चित्रकाराचे म्हणणे गौण ठरते.

मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चित्रा नटराजन, सुगरा चुनावाला व सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात निराळी वाट धरली. शहरी इंग्रजी, शहरी मराठी व ग्रामीण मराठी माध्यमांच्या विद्यार्थ्यांनी गटागटाने पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती व बाहुल्या यांचे आराखडे काढले आणि वस्तू प्रत्यक्ष बनविल्या. येथे चित्र हे विचार करण्याचे साधन ठरते आणि त्याची पारख वस्तू बनविताना होते. हे या कार्याचे मोठे बलस्थान होय.

तथापि दोन अडचणी उरतात. गटाचे चित्र वस्तुतः पेन्सिल हाती असलेल्याचे असू शकते. शिवाय मापे दर्शविणे, समोरील दृश्य काढणे हे संकेत शिकवावे लागतात. ज्याला ते शिकविलेच नाहीत, त्याचे गुण कमी झाले तर ती कल्पकतेची उणीव मानता येणार नाही.

आंबिवली-मोहने परिसराचे उदाहरण कल्पून पाहावे. येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना 2009 मध्ये बंद पडला. एखाद्या विद्यार्थ्याने ‘तंत्रज्ञान’ या विषयावर धूर नसलेले धुराडे काढले, तर तक्त्यात ‘कारखाना’ एवढीच नोंद होईल. ते आजोबांच्या गेलेल्या नोकरीचे चित्र आहे की केवळ अपुरे राहिलेले, हे त्या मुलाने सांगितल्याशिवाय कळणार नाही.

निष्कर्ष :
चित्रासोबत मुलाचे निवेदन त्याच्याच बोलीत नोंदवावे, गटात कोणी काय काढले याची नोंद ठेवावी आणि खोडलेल्या रेषाही जपाव्यात. बी.एड. स्तरावरील कृतिसंशोधनातही हे सहज शक्य आहे. अन्यथा मुलांच्या नावे केलेल्या अभिकल्पात मोठ्यांचेच गृहीतक साकार होईल.