चौकटीतले आजार

जेरल्ड कार्प यांचे 'सेल अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी' हे पाठ्यपुस्तक प्रथम १९९६ साली निघाले. त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. आपल्याकडील बी.एस्सी.च्या संदर्भग्रंथांच्या यादीतही ते आढळते. पेशी शिकताना माणसाच्या आरोग्याचा विसर पडू नये म्हणून कार्प यांनी अनेक प्रकरणांत 'द ह्यूमन पर्स्पेक्टिव्ह' नावाची चौकट दिली आहे. 'पेशी आणि आरोग्य' शिकवायचे म्हटले की शिक्षकांनी या चौकटींकडे वळणे साहजिक आहे. त्या कितपत उपयोगी पडतात?

लयकारिकांवरील चौकट उत्तमच आहे. लयकारिकेत जाणाऱ्या विकरांवर गॉल्जी पिंडात मॅनोज-६-फॉस्फेटची खूण बसते, जणू पाकिटावरचा पत्ता. 'आय-सेल' या आनुवंशिक आजारात ही खूण बसवण्याची क्रियाच बिघडलेली असते. विकरे तयार होतात, पण पत्त्याअभावी पेशीबाहेर जातात. लयकारिका न पचलेल्या द्रव्यांनी फुगत राहतात. अशा रुग्णांच्या अभ्यासातूनच ही पत्त्याची व्यवस्था उलगडली, हे कार्प आवर्जून सांगतात. रोग हे पेशीविज्ञानाचे केवळ उदाहरण नसते, कधी कधी ते त्याचे साधन असते. एरवी पाठ्यपुस्तकांत हे क्वचितच दिसते.

तक्रार आहे ती चौकट या कल्पनेबद्दल. चौकटीतला मजकूर म्हणजे 'परीक्षेला नाही', हे विद्यार्थी न सांगता ओळखतात! शिवाय चौकटींत दुर्मिळ आनुवंशिक आजारांचा भरणा मोठा आहे. एक जनुक, एक बिघडलेले प्रथिन, एक आजार अशी गोष्ट सुटसुटीत मांडता येते. आपल्या घरांतले आजार इतके सुटसुटीत नसतात.

जुलाबाचेच पाहा. १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवले की, पटकीचे जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साठते. म्हणजे अपराधी जंतूंनी सोडलेले विष आहे. हे विष आतड्याच्या पेशीतील जी-प्रथिनाला 'चालू' स्थितीतच अडकवून ठेवते. चक्रीय एएमपी वाढते, क्लोराइडची वाट उघडी राहते आणि क्षारांमागोमाग पाणी बाहेर पडते. परंतु त्याच पेशींवर सोडियम व ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारे वाहक प्रथिन असते, आणि त्याला हे विष धक्का लावत नाही. मीठ-साखरेच्या पाण्याचा सारा आधार हा आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पाजून मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आणले.

आता कार्प यांची सहावी आवृत्ती (२०१०) उघडावी. सोडियम-ग्लुकोजचा वाहक चौथ्या प्रकरणात. पटकीचे विष पंधराव्यात, शेकडो पानांपलीकडे. आणि ती क्लोराइडची वाट? ती चौथ्या प्रकरणाच्या चौकटीत, 'सिस्टिक फायब्रोसिस' या आजाराच्या निमित्ताने. कारण तिथे बिघडलेले प्रथिन हेच. एका आजारात वाट बंद, दुसऱ्यात सताड उघडी. सगळे सुटे भाग पुस्तकात आहेत, पण जोडणी शिक्षकाने करायची.

ती न झाल्यास काय होते? वाहकाची आकृती अचूक काढणारा जीवशास्त्राचा पदवीधर घरच्या आजारी मुलाला नुसते मिठाचे पाणी देतो, किंवा 'ताकद यावी' म्हणून त्यात मूठभर साखर टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल आहेत. हे समान प्रमाण योगायोगाने आलेले नाही. साखर त्याहून फार वाढली तर वाहक अपुरे पडतात आणि उरलेली साखर परासरणाने उलट आतड्यात पाणी ओढते.

चौथे आणि पंधरावे प्रकरण एकाच आठवड्यात घेऊन पाहावे. नंतर वर्गात विचारावे : जुलाब होत असताना बाटलीतले गोड पेय का देऊ नये? उत्तर आकृतीसह लिहा.