हरवलेली वस्तू आणि ओळखीचे गाव : शोधक टॅगच्या रचनेची चिकित्सा

बीजसंज्ञा : शोधक टॅग, ब्लूटूथ, लोकसंख्येची घनता, ओळख, गोपनीयता, बेंबळी

१. प्रास्ताविक

किल्ल्यांचा जुडगा, प्रवासाची बॅग किंवा पैशाचे पाकीट यांना अडकवायची इलेक्ट्रॉनिक चकती गेल्या दशकात बाजारात स्थिरावली आहे. अमेरिकेतील ‘टाइल’ या कंपनीने २०१३ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारून अशा चकतीचा प्रसार केला. २०२१ च्या जानेवारीत सॅमसंगचा ‘स्मार्टटॅग’ आला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलचा ‘एअरटॅग’. भारतात २०२३ मध्ये ‘जिओटॅग’ आल्यावर ही वस्तू सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. तिच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा जाहिरातीच्या किंवा खरेदी-मार्गदर्शनाच्या स्वरूपाचे असते. वस्तूची रचना कोणत्या समाजाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून झाली, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न धाराशिव तालुक्यातील बेंबळी या गावाच्या संदर्भात तपासला आहे. एखाद्या साधनाची समीक्षा ते जेथे उत्तम चालते तेथे उभे राहून केल्यास गुणवर्णनापुरतीच उरते. ते जेथे अडखळते तेथून पाहिल्यास मात्र त्याच्या रचनेतील गृहीतके उघडी पडतात. बेंबळीची निवड याच हेतूने केली आहे.

२. टॅग काय करतो आणि काय करत नाही

टॅगला स्वतःचे ठिकाण ठाऊक असते, हा गैरसमज सर्वत्र आढळतो. वास्तविक या चकतीत उपग्रहाचा संदेश घेणारे यंत्र नसते आणि सिमकार्डही नसते. ती ठरावीक अंतराने ब्लूटूथवरून एक सांकेतिक क्रमांक प्रसारित करते, एवढेच तिचे काम. जवळून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी व्यक्तीचा फोन तो क्रमांक टिपतो, त्याला स्वतःच्या त्या वेळच्या ठिकाणाची जोड देतो आणि ती माहिती सांकेतिक रूपात कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. मालकाच्या नकाशावर जो ठिपका उमटतो तो अशा रीतीने वाटसरूच्या फोनचा असतो. वस्तू त्याच्या आसपास असावी, हे अनुमान असते. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर आधारलेले आहे.

या योजनेचा लाभ उघड आहे. ऊर्जेचा वापर अत्यल्प असल्याने तीन व्होल्टचा एक बटन सेल सुमारे वर्षभर पुरतो. एअरटॅगचे वजन ११ ग्रॅम आणि व्यास सुमारे ३२ मिलिमीटर आहे. सिमकार्डाचा मासिक खर्च नाही आणि वाटसरूला काही करावेही लागत नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही रचना निःसंशय चतुर आहे. मात्र तिचा सगळा भार वाटसरूवर आहे. वाटसरू नसेल तर चकती नुसतीच पुटपुटत राहते, ऐकणारे कोणी नसते.

३. घनतेचे गृहीतक

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला २०,९८० लोक राहत होते. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हे प्रमाण २१९ होते आणि नागरी लोकसंख्या सुमारे १७ टक्के होती. हा फरक जवळजवळ शहाण्णव पटींचा आहे. ब्लूटूथचा पल्ला उघड्यावरही काही दहा मीटरच असल्याने टॅगजवळून दिवसात किती फोन जातात यावर सर्व काही ठरते. अंधेरीच्या रेल्वे पुलावर पडलेला टॅग काही क्षणांत टिपला जाईल. बेंबळीच्या शिवारात बांधावर पडलेला टॅग पुढचा माणूस तेथून जाईपर्यंत वाट पाहील, आणि त्या माणसाच्या खिशात योग्य प्रकारचा फोन असावा लागेल.

‘योग्य प्रकारचा’ हा शब्दप्रयोग येथे महत्त्वाचा आहे. एअरटॅगला ॲपलच्या उपकरणांचे जाळे लागते, आणि आयफोनची किंमत पाहता खेड्यात त्यांची संख्या मोजकीच असणार. अँड्रॉइड फोनसाठी गूगलने असेच जाळे एप्रिल २०२४ मध्ये प्रथम अमेरिका व कॅनडात सुरू केले. बेंबळीसारख्या गावाला त्याचाच आधार अधिक, कारण गावातील स्मार्टफोन बहुतांश अँड्रॉइडचे आहेत. परंतु या जाळ्यात मूळ स्थितीत अशी व्यवस्था ठेवली होती की, अनेक फोनांनी टॅग टिपल्याखेरीज त्याचे ठिकाण मालकाला कळवायचे नाही. वर्दळीच्या जागीच चालणारी ही व्यवस्था फोनधारकाची गोपनीयता राखण्यासाठी होती आणि तो हेतू योग्यच आहे. एकट्या फोनने टिपल्यावरही ठिकाण कळवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये दिलेला होता. पण मूळ स्थिती बदलणारे लोक थोडे असतात, हे सर्वज्ञात आहे. परिणामी गोपनीयतेची किंमत विरळ वस्तीच्या प्रदेशाने मोजली.

यातून एक विसंगती निर्माण होते. बेंबळीच्या रहिवाशाचा टॅग त्याच्या गावात सर्वांत दुबळा आणि गावाबाहेर सर्वांत समर्थ ठरतो. शारदीय नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत हरवलेली पिशवी किंवा पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर एसटीत राहिलेली बॅग शोधण्यास तो खरोखर उपयोगी पडेल. शेतातील अवजाराच्या बाबतीत त्याचा भरवसा धरता येत नाही. ही बाब विक्रीच्या वेष्टनावर कोठेही लिहिलेली नसते.

४. वस्तू, पाणी आणि पत्रा

ग्रामीण भागात गमावण्याची भीती असते ती कोणत्या वस्तूंची? मोटारसायकल, विद्युत मोटार, तिची केबल, शेळ्या, आणि सुगीनंतर सोयाबीनची पोती. यांतील मोटारसायकल सोडली तर टॅगची रचना जवळपास कोणत्याच वस्तूला मानवत नाही. ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात लवकर शोषली जाते. त्यामुळे बोअरमधील सबमर्सिबल मोटारीला टॅग बांधणे निरर्थक आहे. पत्र्याची पेटी आणि लोखंडी कपाट हीच लहर अडवतात, आणि मौल्यवान वस्तू ठेवण्याची घरातील जागा नेमकी तीच असते. उस्मानाबादी शेळी माळावर चरते आणि झुडपांत शिरते. चकचकीत गोल एअरटॅगला तर अडकवण्याचे छिद्रही नाही, त्यासाठी वेगळे कव्हर विकत घ्यावे लागते. टाइलच्या पहिल्या आवृत्तीला असे छिद्र होते, पण तिचा सेल बदलता येत नव्हता. सेल संपला की चकतीच फेकायची. २०२३ च्या ‘स्मार्टटॅग २’ मध्ये मोठी कडी आणि बदलता येणारा सेल हे दोन्ही आले. साध्या दाव्याला गाठ मारता येईल अशी कडी देण्यास या उद्योगाला इतका काळ लागावा, हे बोलके आहे.

सुटा होणारा बटन सेल हा वेगळा धोका आहे. लहान मुलाने तो गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. मुलाला लागू नये म्हणून काही सेलांना कडू लेप दिला जातो. पण असा लेप असलेले काही सेल एअरटॅगमध्ये चालत नाहीत, असे उत्पादकच सांगतो. सुरक्षिततेचा एक उपाय दुसऱ्या रचनेशी असा विसंवादी ठरतो.

५. हरवलेले आणि चोरीचे

उत्पादक या साधनाचे वर्णन ‘हरवलेल्या’ वस्तूंसाठी असे करतात. ग्राहक मात्र ते ‘चोरी’च्या भीतीने घेतो. या दोन शब्दांतील अंतर रचनेच्या मर्मावर बोट ठेवते. टॅग गुपचूप एखाद्याच्या सामानात टाकून त्याचा पाठलाग करता येतो. पाठलागाचा हा धोका लक्षात घेऊन मालकापासून दूर राहिलेला एअरटॅग स्वतःहून आवाज करतो. आरंभी यासाठी तीन दिवसांची मुदत होती, जून २०२१ मध्ये ती ८ ते २४ तासांवर आणली गेली. मे २०२४ मध्ये ॲपल व गूगल यांनी अनोळखी टॅगची सूचना दोन्ही प्रकारच्या फोनांवर देण्याची संयुक्त व्यवस्था केली.

ही सूचना जशी पाठलाग होणाऱ्या स्त्रीला मिळते तशीच चोरालाही मिळते. यंत्राला दोघांत भेद करता येत नाही. येथे स्त्रीच्या सुरक्षिततेला अग्रक्रम देणे हेच न्याय्य आहे. वस्तू परत घेता येते, भयाने गेलेले दिवस परत येत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पाठलाग हा गुन्हा आहे. तथापि जिच्या हाती साधा कीपॅडचा फोन आहे तिला पडद्यावरची सूचना कधीच मिळणार नाही. तिचे संरक्षण चकतीच्या बारीक आवाजावर अवलंबून, आणि तो आवाज गाडीच्या सीटखाली दबून जातो. संरक्षणाची व्यवस्थाही महाग फोनधारकालाच गृहीत धरते, ही या रचनेवरील गंभीर टीका आहे.

६. ठिपक्याची साक्ष

सर्वांत मोठा प्रश्न याहून वेगळा आहे. नकाशावरील ठिपका वाटसरूच्या फोनचा असतो आणि त्यात काही दहा मीटरची चूक संभवते, हे वर सांगितले. गावठाणात एका भिंतीला दुसरे घर लागलेले असते. तेथे एवढ्या चुकीत चार-पाच घरे येतात. त्यांपैकी कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, हे ठिपका सांगत नाही. ते गावाचा पूर्वग्रह सांगतो.

या जिल्ह्यात ही केवळ तात्त्विक शंका नाही. पारधी समाजावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. पारध्यांच्या वस्त्या बहुधा गावाच्या कडेला, रस्त्यालगत असतात. रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या खिशातील फोनने पिशवीचा टॅग टिपला, तर ठिपका वस्तीवर उमटू शकतो. पिशवी प्रत्यक्षात पलीकडच्या चारीत पडलेली असेल, किंवा त्याच वेळी जाणाऱ्या दुसऱ्या वाहनात असेल. परंतु ‘यंत्रानेच दाखवले’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की, जुन्या संशयाला विज्ञानाचे वस्त्र मिळते. माणूस चुकतो हे लोक मान्य करतात. पडदा चुकतो हे मानायला ते सहजासहजी तयार होत नाहीत. म्हणून असा ठिपका हा तपासाचा आरंभबिंदू असू शकतो, पुरावा नव्हे, हे बेंबळीच्या पोलीस ठाण्यापासून महाविद्यालयाच्या वसतिगृहापर्यंत सर्वांनी स्पष्ट समजून घेणे आवश्यक आहे.

७. खुणेची देशी परंपरा

वस्तू परत मिळवण्याची व्यवस्था आपल्याकडे नव्हती असे नाही. लग्नकार्यात भांडी एकमेकांच्या घरी जात-येत, म्हणून पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांवर नाव घालण्याची प्रथा पडली. मुंबईच्या डबेवाल्यांनी डब्यावरील रंगीत अक्षरांच्या व अंकांच्या खुणांवर शतकाहून अधिक काळ आपली व्यवस्था चालवली आहे. जनावरांच्या कानातील बारा अंकी बिल्ला हे याच परंपरेचे शासकीय रूप. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून त्याशिवाय पशुधनाच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. या कोणत्याही खुणेला सेल लागत नाही.

दोन्ही पद्धतींतील मूलभूत भेद असा की, भांड्यावरील नाव सापडणाऱ्याशी बोलते. ‘हे अमक्याचे आहे’ असे सांगून ते त्याच्याकडून परत करण्याची अपेक्षा धरते. टॅग सापडणाऱ्याला वगळतो. तो मालकाशी परस्पर बोलतो आणि मधल्या माणसाचा फोन त्याच्या नकळत वापरतो. जेथे माणसे एकमेकांना ओळखत नाहीत तेथे हे सयुक्तिक आहे. बेंबळीत घनता कमी असली तरी ओळख दाट आहे. शेळी कोणाची, सायकल कोणाची, हे चार घरांत विचारले तरी कळते. टॅगच्या रचनेला या भांडवलाचा उपयोगच करता येत नाही. हरवलेल्या एअरटॅगला फोन टेकवल्यास मालकाचा क्रमांक दिसण्याची सोय आहे खरी, पण त्यासाठी लागणारी एनएफसीची सुविधा स्वस्त फोनांत बहुधा नसते. चकतीवर कोरून मिळतात ती फार तर चार अक्षरे. दहा अंकी मोबाइल क्रमांकही त्यात बसत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून टॅग निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. प्रवासाची बॅग, किल्ल्या, एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरणारा प्रोजेक्टर यांसाठी तो योग्य साधन आहे. घरातल्या घरात वस्तू शोधताना त्याचा आवाज सर्वाधिक कामी येतो, आणि तेवढ्यासाठी कोणत्याही जाळ्याची गरज नसते. हरवलेला मोबाइल हा वेगळा प्रश्न असून त्यासाठी २०२३ मध्ये देशभर खुले झालेले ‘संचार साथी’ संकेतस्थळ आहे. तेथे आयएमईआय क्रमांकावरून फोन बंद करण्याची विनंती विनामूल्य नोंदवता येते.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर डेडस्टॉक रजिस्टरमधील क्रमांक वस्तूवर ठळक रंगात लिहिणे आणि शेजारी कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक घालणे, ही पहिली पायरी आजही सर्वांत स्वस्त व सर्वांत टिकाऊ आहे. टॅग ही त्यानंतरची, फिरत्या वस्तूंपुरती पायरी ठरावी. खरेदीच्या वेळी कडी आहे का, सेल स्क्रूने बंद होतो का आणि गावातील बहुसंख्य फोन ज्या जाळ्यात आहेत तेच जाळे टॅगला चालते का, हे तीन प्रश्न विचारावेत. वापरलेले सेल २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वेगळे जमा करावेत. आणि टॅग देताना विद्यार्थ्यांना हेही सांगावे की, नकाशावरचा ठिपका पाहून कोणाच्या दारात जायचे असेल, तर प्रश्न विचारायला जावे, आरोप करायला नव्हे.