चौकटीबाहेरचे बाबासाहेब

चित्रकथा म्हणजे पोरांचं वाचन, असं आपल्यातले बरेच कार्यकर्ते समजतात. वैचारिक अंकात तिला जागा कशाला? पण १९७९ साली अमर चित्र कथेनं बाबासाहेबांवर पुस्तक काढलं तेव्हा देवादिकांना ज्या चौकटीत बसवलं होतं त्याच चौकटीत त्यांनाही बसवलं. आपण गप्प राहिलो.

२०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं 'भीमायन' काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या नवराबायकोची. हे दोघं मध्य प्रदेशातले परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांच्या दारी बाणा वाजवून वंशकथा गाणारी जमात. आनंदनी त्यांना परदेशी चित्रकथा दाखवल्या. व्यामांनी त्या पाहिल्या आणि साफ सांगितलं, आमची माणसं आम्ही खोक्यात कोंबणार नाही, तिथं त्यांचा जीव घुसमटतो.

मित्रहो, हे नुसतं चित्रकाराचं लहरीपण नव्हे. गावानं ज्यांना वेशीबाहेरच्या चौकटीत डांबलं त्यांची गोष्ट पुन्हा चौकटीतच का सांगायची? व्यामांनी चौकटीऐवजी दिग्ना वापरला. घराच्या भिंतीवर, भुईवर बायका काढतात ती नक्षी. ती पानभर वळत जाते आणि प्रसंग वेगळे करते, पण कुणाला कोंडत नाही. आगगाडी सापासारखी सरपटते, किल्ला हिंस्र जनावर होतो. बोलण्याचे फुगेसुद्धा सारखे नाहीत. साध्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात, विटाळ मानणाऱ्याचं बोलणं विंचवाच्या नांगीत. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळेल, डंख कुणाच्या तोंडात आहे. महाडच्या सभेत तर कर्ण्यातून पाणी शिंपडलं जातं. चवदार तळ्यावर शेकडो लेख आलेत. भाषण आणि पाणी एकच, हे असं एका रेषेत कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्टीला आधार बाबासाहेबांच्याच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांचा. मसूर स्टेशनावर उतरलेली पोरं, डबा जवळ असून पाण्यावाचून उपाशी झोपलेली, बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून झालेली हकालपट्टी, चाळीसगावचा टांगा, १९३४ चा दौलताबादचा हौद. तहान काढावी तर व्यामांनीच.

पण भांडण आहे, ते लपवायचं नाही. पहिलं नावाशी. १९५६ साली नागपुरात रामाला देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा ज्यानं लाखोंना दिली, त्याच्या चरित्राला रामायणाच्या वळणाचं नाव? म्हणे विडंबन. विडंबन कळायला आधी रामायण डोक्यात लागतं, म्हणजे पुन्हा त्यांचंच पारडं जड. दुसरं, पुस्तकाची सुरुवात बसथांब्यावर. राखीव जागांवर कुरकुरणाऱ्या तरुणाला एक बाई समजावते. म्हणजे पुस्तक बोलतं त्या तरुणाशी. आपली वस्ती नुसती ऐकत बसलेली. अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित बाबासाहेबही त्यात पुसट झालेत. अपमान सोसणारा भीम ठळक आहे, 'जातिसंहार' लिहिणारा तेवढा नाही.

ही उणीव व्यामांच्या रेषेची नाही. ज्याच्या हाती मजकूर त्याच्या हाती लगाम. चित्र आदिवासीचं, शब्द दुसऱ्याचे, आणि पुस्तक निघालं ते इंग्रजीत.

मग आपण काय करायचं? शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियानं गावोगावच्या कार्यकर्त्यांना चार चित्रांची गोष्ट काढायला शिकवलं आहे. ए-४ चे दोन कागद जोडायचे, झेरॉक्स काढायची, भिंतीवर चिकटवायची. चित्रकार असण्याची अट नाही. तिथं गोष्ट आणि रेष एकाच हातात राहते. चार खोकी तिथंही आहेत म्हणा, पण ती आपण आखलेली.

आपल्या स्टेन्सिलवरही हे जमेल. लोखंडी लेखणीनं काळा भाग भरू नका, मेणकागद फाटतो आणि शाईचा लोळ उतरतो. बाबासाहेबांचा कोट तुटक रेघांनी भरा. गोल एका दमात जोर देऊन पुरा करू नका, मधला तुकडाच गळून पडतो. कुठंतरी बारीक फट ठेवा. दिग्नाची तुटक नक्षी सायक्लोस्टाइलवर झकास उठेल असं मला वाटतं. पुढच्या अंकासाठी दोन पानं कोरी ठेवली आहेत. आपल्या तालुक्यातल्या पाण्याची गोष्ट काढून पाठवा. फुग्यातला मजकूर आपल्या बोलीत हवा.