वहिवाटीची वास्तू

पियरे कौपर्स या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेले ॲम्स्टरडॅमचे रेइक्सम्युझियम १८८५ साली खुले झाले. या इमारतीच्या पोटातून एक सार्वजनिक रस्ता जातो. जुने शहर आणि दक्षिणेकडील वस्ती यांना सांधणारी ही कमानींची वाट सायकलस्वारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची आहे. डिसेंबर २००३ मध्ये संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद झाले. अंतोनियो क्रूस व अंतोनियो ओर्तिझ या स्पॅनिश वास्तुशिल्पज्ञांच्या आराखड्यानुसार नवे प्रवेशद्वार याच वाटेत यावयाचे होते. सायकलस्वारांच्या संघटनेने हरकत घेतली, आराखडा बदलावा लागला. पुढे परवान्यांचा व ठेक्याच्या चढ्या दरांचा घोळ झाला आणि २००८ चा मुहूर्त हुकून एप्रिल २०१३ उजाडला.

उके होखेनडाइक या दिग्दर्शिकेचा ‘द न्यू रेइक्सम्युझियम’ हा अनुबोधपट या दीर्घ प्रतीक्षेचा साक्षीदार आहे. त्याचे सामर्थ्य माणसांच्या दर्शनात आहे. स्वप्न पाहणारे संचालक रोनाल्ड द लेउ २००८ मध्ये, काम अपुरे असतानाच, पायउतार होतात. आशियाई कलेचे अभिरक्षक जपानी मंदिराच्या दोन लाकडी द्वारपालांसाठी जागा सिद्ध होण्याची वाट पाहत राहतात. त्यांच्या डोळ्यांतील ओढ पाहिली म्हणजे संग्रहालय हे वस्तूंचे कोठार नसून जिव्हाळ्याचे घर आहे, हे पटते.

मात्र हीच आत्मीयता चित्रपटाची मर्यादाही ठरते. कॅमेरा बहुतांशी भिंतींच्या आतच वावरतो. त्यामुळे बाहेरचा समाज भेटतो तो हरकतदार म्हणून, सभेत उभा राहून विरोध करणारा म्हणून. प्रेक्षकाला त्याच्या हट्टाचे हसू येते. परंतु त्या वाटेने रोज कामावर जाणाऱ्या माणसाची सकाळ दाखविली असती, तर तो हट्ट हक्काच्या रूपात दिसला असता. रेम्ब्रांटचे चित्र पाहावयास आयुष्यात एकदा येणारा पाहुणा आणि त्याच चित्राच्या पायाखालून दिवसातून दोनदा जाणारा रहिवासी, यांपैकी वास्तू कोणाची, हा प्रश्न चित्रपटाच्या हाती आयता आला होता. तो त्याने विनोदावर सोडून दिला. नवे संचालक विम पाइब्स यांनी वाटेचा वाद पुन्हा उकरून काढला, पण त्यांनाही यश आले नाही.

मे २०१३ मध्ये ती वाट सायकलींसाठी पुन्हा खुली झाली. आता तिच्या कडेला काचा आहेत. जाणाऱ्याला आतले प्रशस्त चौक दिसतात आणि आतल्यांना जाणाऱ्या सायकली.