जावातील स्वनिर्मित अपवाद : एक चिकित्सा

पाणिनीय परंपरेत उत्सर्ग हा सामान्य नियम व अपवाद हा त्याला बाधणारा विशेष नियम होय. जावा या संगणकभाषेतील ‘एक्सेप्शन’लाही आपण अपवादच म्हणतो, तथापि तेथे तो नियम नसून प्रोग्रामचा नेहमीचा क्रम मोडणारी घटना असते. हा भेद मान्य करूनही एक साम्य उरते. ‘फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन’ हा ‘आयओएक्सेप्शन’चा उपप्रकार. एकाच ‘ट्राय’खाली दोहोंचे ‘कॅच’ लिहिताना विशेषाचा कॅच आधी यावा लागतो. सामान्याचा आधी आल्यास विशेष निरवकाश होतो व कंपायलर प्रोग्राम नाकारतो. वैयाकरणांनी अपवादाचे बलीयस्त्व याच निरवकाशत्वावर उभे केले आहे.

‘एक्सेप्शन’ या क्लासचा विस्तार करून प्रोग्रामकर्त्याला स्वतःचे अपवाद निर्माण करता येतात. या सवलतीचा उपयोग मात्र पुष्कळदा विवेकाने होत नाही. खात्यातून पैसे काढणाऱ्या प्रोग्रामात ‘अपुरीशिल्लक’ हा अपवाद सार्थ आहे. तो किती रक्कम कमी पडते हे सोबत नेतो आणि ते पाहून ग्राहकाला निराळा पर्याय देता येतो. परंतु ‘खातेत्रुटी’, ‘व्यवहारत्रुटी’, ‘सेवात्रुटी’ अशी नावे घडवून ती सर्व एकाच कॅचमध्ये पकडली, तर त्या भेदाला अर्थ कोणता? ज्या ध्वनिभेदाने अर्थभेद होत नाही, त्याला आपण स्वतंत्र स्वनिम मानीत नाही. हाच न्याय येथे लागू करावा. ऋण रक्कम आल्यास भाषेतील ‘इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन’ पुरेसा आहे.

नोंदवहीतील स्पष्ट नाव दोष शोधणाऱ्यास साह्य करते, असा आक्षेप येईल. तो अंशतः खरा आहे. पण ते कार्य अपवादासोबतचा संदेशही करू शकतो.

याहून गंभीर दोष कारणलोपाचा. डेटाबेसचा ‘एसक्यूएलएक्सेप्शन’ पकडून त्याजागी स्वतःचा अपवाद फेकताना मूळ अपवाद कारण म्हणून सोबत दिला नाही, तर नोंदीत केवळ नवे नाव उरते आणि दोषाचे मूळ स्थान हरवते. 2002 मधील जावा 1.4 पासून कारण जोडण्याची सोय सर्व अपवादांच्या मूळ क्लासमध्येच आहे. अनुवाद हाती देऊन मूळ संहिता नष्ट करणाऱ्या अनुवादकाला आपण क्षमा करणार नाही. येथेही करू नये.

तात्पर्य, नवा अपवाद घडविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : या नावाला कोणी निराळा प्रतिसाद देणार आहे काय? आणि त्यामागचे कारण शाबूत राहते काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर नावच नको. दुसऱ्याचे असेल, तर नाव असूनही ते निरुपयोगी ठरेल.