पाहुण्याचा पेला आणि अनुवादकाचा शब्द

रशियन घरातील पाहुणचाराचा प्रसंग मराठीत आणताना अनुवादकाची खरी कसोटी लागते ती एका पेल्यापाशी. यजमान घरी केलेल्या दारूची बाटली काढतो, स्वतः ओततो, पाहुण्यासाठी दोन शब्द बोलतो आणि मगच पेला ओठांना लावतो. या दारूला रशियन भाषेत ‘सामोगोन’ म्हणतात. तिच्यासाठी मराठीत प्रथम हाताशी येणारा शब्द ‘हातभट्टी’. वस्तू जवळजवळ तीच. पण त्या शब्दाबरोबर गुत्त्याचा वास आणि पोलिसांचा पंचनामा घरात शिरतो व आतिथ्य बाहेर पडते. ‘मद्य’ म्हणावे, तर शेतकऱ्याच्या ओसरीवर संस्कृत नाटकातील पात्र येऊन बसते.

वास्तविक मराठी इतकी दरिद्री नाही. ‘सामो’ म्हणजे स्वतः. ‘गोन’ ज्या क्रियापदापासून आला त्याचा एक अर्थ हाकणे, दुसरा आपले ‘गाळणे’. तेव्हा ‘घरी गाळलेली’ हा सरळ प्रतिशब्द होय. गाळपाच्या आरंभी उतरणारा कडक अंश तो ‘पेर्वाच’. आपल्याकडे तिला ‘पहिल्या धारेची’ म्हणतात. सोबतची खारवलेली काकडी, काळा पाव ही ‘झाकुस्का’. तिला ‘चखणा’ म्हटले की गुत्ता आठवतो. ‘तोंडीलावणे’ म्हटले की घरचे ताट.

तथापि ‘हातभट्टी’ सर्वस्वी त्याज्य ठरवणेही योग्य नव्हे. रशियन प्रजासत्ताकाच्या १९६० च्या दंडसंहितेने, विक्रीचा हेतू नसतानाही, घरगुती गाळप गुन्हा ठरवले होते; आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ते केले. अशा काळात यजमान पेल्यातून केवळ दारू देत नव्हता. पाहुणा बाहेर बोलणार नाही, हा विश्वासही देत होता. ही जोखीम पुसून टाकणारा अनुवाद गोड होईल, खरा होणार नाही. झाशी जिल्ह्यातील गरौठ्यासारख्या बुंदेली मुलखात मोहाच्या वाळल्या फुलांचा लटा करतात, आणि त्याच फुलांची दारूही गाळतात. फूल एकच, ते अन्न की मुद्देमाल, हे बोलणाऱ्यावर ठरते.

म्हणून अनुवादकाने शब्दकोशाआधी वक्त्याकडे पाहावे. शिपायाच्या तोंडी ‘हातभट्टी’ शोभते, यजमानाच्या तोंडी ‘घरची’. आणि निवेदक स्वतः त्या घरी आलेला असेल, तर त्याच्या तोंडी घातलेल्या शब्दावरूनच वाचकाला कळते, की तो तेथे पाहुणा म्हणून बसला होता की पंच म्हणून.